थरथर आणि हेलकावा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट उतरून सुरूरचा फाटा मागे टाकला, की रस्ता एकदम मोकळा होतो, आणि ज्याच्या हाताखाली जुनी बुलेट आहे त्याला आपल्या यंत्राचा खरा स्वभाव, शहरातल्या चार-पाच वर्षांच्या सहवासातही कळला नसेल इतका, त्या दहा-पंधरा किलोमीटरांत कळून येतो. मला तो हिवाळ्यातल्या एका सकाळी कळला. वेग ताशी नव्वद किलोमीटरचा होता, मागे दोन्ही बाजूंना भरलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या होत्या, त्यांवर आडवी बांधलेली वळकटी होती, आणि शेजारून पुढे गेलेल्या एका बसच्या वाऱ्याचा झोत अंगावर आला न आला तोच गाडीचा मागचा भाग डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, प्रत्येक खेपेस थोडा अधिक, असा झुलू लागला. मी घाबरून हँडल घट्ट धरले आणि पुढचा ब्रेक दाबला. गाडी उलटली नाही याचे श्रेय माझ्याकडे नाही. रस्त्याचा चढ तेवढ्यात लागला आणि वेग आपोआप उतरला, एवढेच.

परत आल्यावर मी एका कार्यशाळेत जाऊन ‘हँडल हलते’ अशी तक्रार नोंदविली. तेथील मुलाने हँडल ज्यावर फिरते तो गळ्यातील वाट्या-गोळ्यांचा कोनसेट पान्याने चांगला आवळून दिला, आणि पुढच्या रविवारी तीच गाडी त्याच रस्त्यावर ऐंशीलाच डोलू लागली. त्या मुलास दोष देण्याचे कारण नाही, कारण फिर्यादच मी चुकीची लिहून दिली होती. पुढे कोणी तरी सुचविल्यावरून नाना पेठेतील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो, तेव्हा माझी सगळी कैफियत ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला : “साहेब, हँडल हलतंय की गाडी हलतीय?” मी क्षणभर आठवून म्हणालो, “गाडी.” त्यावर त्यांनी हँडलला हातही लावला नाही, स्टूल उचलले आणि ते मागच्या चाकाशी जाऊन बसले.

त्या एका प्रश्नात या संपूर्ण विषयाची किल्ली आहे. जुन्या मोटारसायकलींच्या बाबतीत आपण ज्याला सरसकट ‘वॉबल’ म्हणतो, त्या एका नावाखाली वस्तुतः दोन स्वतंत्र व्याधी नांदत असतात, त्यांची कारणे बऱ्याच अंशी भिन्न असतात, आणि एकीवरचा इलाज दुसरीस प्रसंगी अपायकारक ठरतो. पहिलीस मी थरथर म्हणेन. हिच्यात पुढचे चाक, फोर्क आणि हँडल एवढाच भाग गळ्याच्या आसाभोवती झपाट्याने डावी-उजवीकडे फिरू लागतो, सेकंदाला साधारणतः सहा ते नऊ वेळा, म्हणजे डोळ्यांना हँडल अस्पष्ट दिसावे इतक्या त्वरेने, आणि बाकीची गाडी मात्र जवळजवळ सरळच चालत असते. ही थरथर बळावली तर हँडलची टोके पेट्रोलच्या टाकीवर आपटू लागतात, आणि मग ती आवरणे मनगटांच्या ताकदीबाहेरचे होते. दुसरीस हेलकावा हे नाव मला योग्य वाटते. हिच्यात सबंध यंत्र, चालकासह, सर्पाप्रमाणे वळसे घेत पुढे जाते; मागचा भाग एकीकडे तर गाडीचा कल दुसरीकडे, असे सेकंदाला दोन-तीन वेळा घडते, आणि हँडल त्या साऱ्या हालचालीत सामील असले तरी तिचे उगमस्थान नसते.

या आकड्यांचा उपयोग केवळ विद्वत्तेपुरता नाही. जुन्या बुलेटच्या एकोणीस इंची चाकाचा, टायरसकट, परीघ सुमारे दोन मीटर भरतो. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे पावणेसतरा मीटर. म्हणजे त्या वेगाला चाक सेकंदाला आठांहून थोडे अधिक फेरे करते. आता थरथरीची स्वाभाविक आवर्तनसंख्या सहा ते नऊ आहे हे ध्यानात घ्या, आणि चाकाच्या एका बाजूस वजन अधिक असेल, किंवा रिममध्ये ‘आऊट’, म्हणजे वाकडेपणा, असेल, तर प्रत्येक फेऱ्याला मिळणारा तो बारीकसा धक्का नेमका थरथरीच्या तालावर पडतो, हे आपोआप उमगेल. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला बोटाचा धक्काही त्यास आढ्यापर्यंत नेतो, त्यातलाच हा प्रकार. पन्नास ते पासष्टच्या दरम्यान, विशेषतः वेग उतरत असताना आणि हात सैल सोडले असताना, ज्या गाडीचे हँडल थरथरते आणि त्याच्या वर-खाली शांत असते, तिच्या चाकाची तपासणी सर्वांआधी करावी, हा निष्कर्ष या साध्या भागाकारातून निघतो. हेलकाव्याचे तसे नाही. ताशी शंभराच्या वेगाला सेकंदाला अडीच हेलकावे म्हणजे प्रत्येक हेलकाव्यास अकरा मीटर रस्ता लागतो. चाकाचा एवढा मंद ताल नसतो, आणि म्हणून चाकाच्या असमतोलाने तो सहसा उपजत नाही. तो वेगाबरोबर वाढतो. ऐंशीला नुसता सुगावा, नव्वदला खात्री, शंभराला संकट, अशी त्याची चढती श्रेणी असते.

हे असे का घडते, याचा उलगडा रुग्णालयातील स्ट्रेचरच्या चाकाकडे पाहिले असता होऊ शकेल. ते चाक ज्या खुंटीवर फिरते, तिच्या थोडे मागे जमिनीला टेकते, आणि म्हणूनच स्ट्रेचर ज्या दिशेला ढकलावे त्या दिशेला ते आपोआप वळते. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचीही योजना तीच आहे : गळ्याचा आस कलता असतो, तो खाली वाढविला असता जमिनीला जेथे भेटेल त्याच्या तीन-चार इंच मागे टायर टेकतो, या अंतरास अभियंते ट्रेल म्हणतात, आणि हात सोडले तरी गाडी सरळ जाते ते बऱ्याच अंशी याच्याच कृपेने. पण ओळीत येण्यासाठी धडपडणारे चाक ओळ ओलांडून पलीकडेही जाते, मग परत येते, पुन्हा ओलांडते. स्ट्रेचर वेगाने ढकलले की त्याची छोटी चाके फडफडतात, हे ज्याने रुग्णालयाच्या लांब ओसरीतून घाईने जाताना कधी ऐकले आहे, त्याला थरथर म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. विमानाच्या नाकाखालच्या चाकासही हीच व्याधी होते, आणि म्हणून तेथे तिच्या निवारणार्थ तेलाचा एक डॅम्पर मुद्दाम बसविलेला असतो.

मोटारसायकलीत यात भर पडते ती टायरच्या स्वभावाची. रबर लवचीक असते. चाक वळले तरी जमिनीकडून मिळणारे आडवे बळ तत्क्षणी उत्पन्न होत नाही, चाक थोडे अंतर पुढे गेल्यावरच ते पूर्णत्वास येते. हा विलंब अल्प असला तरी अनर्थकारक असतो, कारण उशिरा आलेले बळ कधी कधी चाकास रोखण्याऐवजी ते आधीच ज्या दिशेने निघाले असते त्याच दिशेने ढकलते. १८९९ साली केंब्रिज येथे फ्रान्सिस व्हिपल यांनी सायकलच्या संतुलनाची जी समीकरणे मांडली, त्यांत चाक धारेसारखे पातळ आणि न सरकणारे मानलेले होते. त्यामुळे त्यांत हेलकाव्याचे रूप सापडते, थरथरीचे सापडत नाही. पुढे सत्तरांहून अधिक वर्षांनी, १९७१ मध्ये, ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी टायरचे हे सरकणे आणि हा विलंब गणितात घेतला, आणि थरथर, हेलकावा व मंदपणे एका बाजूस कलणे अशा तीन स्वतंत्र प्रवृत्ती त्यातून स्पष्टपणे वेगळ्या निघाल्या. पुढील दशकात फोर्क आणि सांगाडा यांचे वाकणेही हिशेबात धरले गेले, तेव्हा आणखी एक मोलाची गोष्ट कळली : फोर्क लवचीक असेल तर थरथर मध्यम वेगाला अधिक त्रास देते, आणि तो फार ताठ असेल तर ती अतिवेगाच्या प्रदेशात सरकते. जुन्या गाड्यांची थरथर साठीच्या आसपास का आढळते, याचे अर्धे उत्तर चाकाच्या फेऱ्यांत असेल तर उरलेले अर्धे येथे आहे.

त्याच अभ्यासातून निघालेला एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो जितक्या लोकांना ठाऊक असावयास हवा तितक्यांना तो ठाऊक नाही. हँडलच्या फिरण्यास अडथळा करणारा डॅम्पर थरथर दाबतो, हे खरे. पण तोच डॅम्पर अतिवेगाला हेलकाव्याचे शमन कमी करतो. कारण असे की, गाडी सरळ चालते ती पुढच्या चाकाच्या अखंड, सूक्ष्म, चालकाच्या नकळत होणाऱ्या दुरुस्त्यांवर. त्या दुरुस्त्यांना प्रतिबंध केला की कललेली गाडी सावरण्यास उशीर होतो, आणि तो उशीरच हेलकावा होऊन बाहेर पडतो. माझ्या गाडीचा कोनसेट आवळला तेव्हा नेमके हेच घडले होते. घट्ट कोनसेट हा एक प्रकारचा आडदांड डॅम्परच असतो.

ज्या देशात ही यंत्रे जन्मली तेथे या व्याधीचा इतिहास बराच जुना आहे. इंग्लंडमधील स्टीव्हनेज येथे फिलिप व्हिन्सेंट आणि ऑस्ट्रेलियन अभियंते फिल अर्व्हिंग यांनी घडविलेली ९९८ घन सेंटिमीटरची व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो १९४८ साली ताशी १२५ मैलांची ग्वाही देत बाजारात आली, आणि त्याच घराण्यातील एका यंत्रावर त्याच वर्षाच्या १३ सप्टेंबरला रॉली फ्री याने अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर, अंगावर केवळ पोहण्याचा पोशाख ठेवून आणि गाडीवर पालथा पडून, ताशी १५० मैलांची मर्यादा ओलांडली. त्याच व्हिन्सेंटविषयी, पुढच्या फोर्कचे सांधे झिजले आणि डॅम्पर निकामी झाले की ती वेगात भयंकर थरथरते, अशी कीर्तीही कायम राहिली. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. सर्व सांधे धड असताना जे यंत्र दीडशे मैलांना सरळ जाते, तेच वीस वर्षांनी, चार बुश झिजल्यावर आणि दुसऱ्याच मापाचे टायर चढविल्यावर, सत्तरालाही भरवशाचे राहात नाही. आणि अशा वेळी यंत्राच्या कुळाला बोल लावणे म्हणजे वृद्ध मनुष्याच्या गुडघ्यांवरून त्याच्या तारुण्याचा निवाडा करण्यासारखे आहे.

सांगाड्याच्या ताठपणाचे महत्त्व १९५० साली नॉर्टन कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांनी सर्वांच्या प्रत्ययास आणून दिले. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस याने दुहेरी नळ्यांचा, मान भक्कम बांधलेला असा जो सांगाडा तयार केला, त्यावर बसून एका शर्यतपटूने ही गाडी म्हणजे पिसांची गादी आहे असे उद्गार काढले, आणि तेच नाव त्यास कायमचे चिकटले. पुढे कित्येक तरुणांनी ट्रायम्फचे जोमदार इंजिन काढून नॉर्टनच्या या सांगाड्यात बसविले, यातच सांगाड्याची किंमत आली. उलट १९६९ मध्ये कावासाकीने पाचशे घन सेंटिमीटरच्या तीन नळकांड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनातून साठ अश्वशक्ती काढली, तेव्हा तेवढे बळ सोसण्याची सांगाड्याची, टायरची आणि ब्रेकची तयारी झालेली नव्हती. त्यापुढच्या दशकातील जपानी गाड्यांच्या डोलण्याच्या हकिकती बहुतेक या एकाच असमतोलातून उद्भवल्या आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न इतकी वर्षे कोणास जाणवला नाही, त्याचे कारण गाड्यांत नसून रस्त्यांत होते. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली, ३४६ घन सेंटिमीटरची आणि अवघ्या अठरा अश्वशक्तीची बुलेट, म्हैसूरची जावा आणि मागाहूनची येझदी, यांना अरुंद, खड्ड्यांच्या, बैलगाड्यांनी भरलेल्या रस्त्यावर सत्तरच्या पुढे पाच मिनिटे सलग धावण्याची संधीच क्वचित लाभत असे. १९८३ मध्ये यामाहाची तीनशेपन्नासी राजदूतच्या नावाने फरिदाबादहून येऊ लागली, तेव्हा वेग आला, पण रस्ता आला नव्हता. पुढे सुवर्ण चतुष्कोनाचे काम झाले, पुण्याहून कोल्हापूरपर्यंत आणि त्याही पुढे दुभाजकाचा रुंद मार्ग झाला, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या मापाने घडविलेले यंत्र तास-तासभर नव्वदच्या वेगाने दामटता येऊ लागले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींस मज्जाव आहे, ही जुन्या गाड्यांच्या दृष्टीने मला हिताचीच गोष्ट वाटते. पण बाकीचे महामार्ग त्यांना खुले आहेत, आणि ज्या स्वभावाची ओळख आजोबांना कधी पटली नाही, ती नातवाला पहिल्याच सहलीत पटते.

आता निदानाविषयी. निदान जमिनीपासून वर करीत जावे, असा माझा आग्रह आहे, आणि बहुतेक चूक होते ती वरून खाली येण्याने. हँडल हातात असते म्हणून संशय आधी हँडलवर जातो. परंतु जमिनीला टेकलेला असतो तो टायर, आणि तपासणीची सुरुवात त्याच्या हवेपासून व्हावयास हवी. आपल्या पंक्चरच्या दुकानांत पुढे-मागे दोन्ही चाकांत सारखीच ‘हार्ड’ हवा भरण्याचा दस्तुर आहे, आणि गाडीच्या पुस्तिकेत पुढच्या चाकासाठी मुक्रर केलेला आकडा मागच्याहून बराच कमी असतो, याची दखल क्वचितच घेतली जाते. याच्या उलट, महिनोन्‌महिने न पाहिल्यामुळे उतरलेली हवा, विशेषतः मागच्या चाकातली, टायरच्या बाजू लेच्यापेच्या करते आणि हेलकाव्याला दार उघडून देते. हवेनंतर टायरचे वय. वर्षातून पाचशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि मालक निश्चिंत राहतो. पण रबर मात्र आतून वाळून टणक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचावे. हमरस्त्यावर पुष्कळ चाललेल्या टायरचा मध्य सपाट होतो, त्या सपाटीच्या कडा गाडीला सरळ मार्गावरून ढळवतात. पुढच्या टायरवर बोट फिरविले असता उंचसखल लाटा लागल्या तर थरथरीचा एक साक्षीदार तेथेच सापडला असे समजावे. टायर रिमवर नीट बसला आहे की नाही, हे त्याच्या काठाजवळच्या बारीक रेषेवरून कळते; ती रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर असली पाहिजे.

मग चाक. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे, फोर्कला एक काडी रिमच्या अगदी जवळ बांधावी आणि चाक हाताने फिरवावे. काडी आणि रिम यांतील फट दोन मिलिमीटरांहून अधिक कमीजास्त होत असेल, तर आऊट काढून घेतल्यावाचून पुढे जाण्यात अर्थ नाही. आऱ्यांवर लहान पान्याने एकेक टिचकी मारीत जावे : ताणलेला आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो, आणि हा फरक ज्याला तबल्याचा सूर ओळखता येत नाही त्यालाही ओळखता येतो. चाक मोकळे सोडले असता दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल, तर समोरच्या आऱ्याभोवती शिशाची तार गुंडाळून समतोल साधावा. पूर्वीचे चालक झाळण्याची तार याच कामी वापरीत, आणि ती आजही तितकीच कामाची आहे. चाकाला वर-खाली धरून आडवे हलविले असता बेअरिंगची कुचकुच हातास जाणवते.

यानंतर कोनसेट, आणि येथे थोडे रेंगाळणे अवश्य आहे. चाक अधांतरीच ठेवून फोर्कचे खालचे दोन्ही पाय धरून पुढे-मागे ओढावेत, आणि दुसऱ्या माणसाने गळ्याच्या खालच्या सांध्यावर बोट टेकवावे. बोटाला टक् असा बारीक ठोका लागला तर कोनसेट सैल आहे, आणि सैल कोनसेट हे थरथरीचे सर्वपरिचित कारण आहे. पण तेवढ्यावर थांबू नये. हँडल अगदी हलक्या बोटाने मध्यापासून दोन्हीकडे सरकवून पाहावे. ते आपल्या वजनाने, कोठेही न अडखळता, दोन्ही टोकांपर्यंत ओघळले पाहिजे. मध्यावर ते किंचित अडकत असेल, जणू सरळ जागी एखादी खाच आहे, तर तेथे खरोखरच खाच असते. गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळ चालते, कोनसेटातील गोळ्या वर्षानुवर्षे त्याच जागी बसून राहतात, प्रत्येक खड्ड्याचा आघात त्या वाटीच्या त्याच बिंदूवर उतरवितात, आणि शेवटी तेथे गोळीच्या आकाराचे खळगे पडतात. असा कोनसेट आवळण्याने सुधारत नाही, अधिक बिघडतो. कारण मग त्या खळग्यांतून बाहेर पडावयास चाकाला आणखी जोर लागतो, आणि ज्या सूक्ष्म दुरुस्त्यांचा उल्लेख वर केला त्या बंदच पडतात. वाट्या आणि गोळ्या सगळ्या एकदम बदलणे, हाच एक मार्ग.

फोर्कमधील तेल, त्याच्या नळ्यांचा सरळपणा, इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारे बोल्ट, यांची पाहणी करावी, हे सांगण्याचीही आवश्यकता नाही. नळ्यांना पीळ पडला आहे का, हे पाहण्याची एक सोपी तजवीज मात्र सांगण्याजोगी आहे : काचेचा सपाट तुकडा दोन्ही नळ्यांवर आडवा टेकवावा; तो चारी कोपऱ्यांनी बसला तर ठीक, डुगडुगला तर पीळ आहे.

हेलकाव्याचा तपास करणाऱ्याने मात्र मागे वळले पाहिजे. आपले मिस्त्री ज्यास चिमटा म्हणतात, तो मागचे चाक धरणारा दुबेळका ज्या बुशांवर वर-खाली होतो, ते बुश झिजले की मागचे चाक पुढच्या चाकाच्या ओळीत राहात नाही. रस्त्याच्या प्रत्येक धक्क्यागणिक ते स्वतःच गाडीला सुकाणू मारू लागते. शॉकॲब्सॉर्बर काढून चिमट्याचे टोक आडवे हलविले तर हा दोष लपत नाही, पण शॉकॲब्सॉर्बर जागेवर ठेवून पाहणाऱ्यास तो पुष्कळदा फसवितो. चेन ताणताना मागचे चाक तिरके बसले असण्याचाही संभव असतो, आणि चिमट्यावरच्या खुणांवर विसंबून चालत नाही. दोन लांब दोऱ्या मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी टेकवून पुढे न्याव्यात, आणि पुढच्या टायरपासून दोन्हीकडचे अंतर सारखे येते की नाही हे पाहावे.

राहता राहिले ओझे. मागच्या आसाच्याही मागे आणि उंच ठेवलेले वजन हेलकाव्यास जितके खतपाणी घालते तितके दुसरे काही क्वचितच घालीत असेल, कारण ते पुढच्या चाकाचा भार हलका करते आणि एकदा झुलू लागल्यावर गाडीला झुलविण्याची त्याची शक्ती त्याच्या अंतरामुळे कितीतरी वाढलेली असते. पश्चिम महाराष्ट्रातले गवळी दुधाचे भले मोठे कॅन गाडीच्या मागे लटकवून रोज पहाटे सुखरूप जातात ते चाळीसच्या वेगाने जातात म्हणून. तेच कॅन नव्वदला नेले तर काय होईल याची कल्पनाही नको. हँडलवर बांधलेली उंच काच, आरशाला अडकविलेली पिशवी, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी वाऱ्याचा जोर थेट सुकाणूवर आणतात.

आणि तरीही चालत्या गाडीवर प्रसंग आलाच तर? येथे शरीराची पहिली प्रेरणा बहुतेक चुकीची असते, आणि म्हणूनच योग्य कृती आधी मनात ठरवून ठेवावयास हवी. हँडल करकचून धरू नये. ताठ झालेले हात आपल्या धडाचे वजन सुकाणूला जोडतात आणि आपली प्रत्येक दचक चाकापर्यंत पोचवितात. पुढचा ब्रेक लावू नये, कारण त्याने भार पुढे कोसळतो आणि डळमळत्या चाकावरच अवघी गाडी रोखण्याचे काम येऊन पडते. गुडघ्यांनी टाकी घट्ट आवळावी, कोपर सैल ठेवावे, छाती टाकीकडे झुकवावी म्हणजे भार पुढे व खाली येतो, आणि थ्रॉटल सावकाश, एकदम न सोडता, मिटत न्यावे. इंजिन वेग उतरवील, आणि ज्या वेगाला हेलकावा जन्मला त्याच्या खाली येताच तो विरून जाईल. मागचा ब्रेक लागलाच तर हलक्या पावलाने. वेग वाढविला की थरथर थांबते, असा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. पुढच्या चाकाचा भार घटल्याने तसे कधी घडत असेलही. पण जुन्या यंत्रावर, वाहत्या रस्त्यावर आणि विशेषतः हेलकावा चालू असता, हा सल्ला मी कोणासही देणार नाही. फक्त एकच प्रकार असा आहे की जेथे हात हँडलवर टेकलेले बरे : साठीच्या आसपास, वेग उतरताना, मोकळ्या हातांखाली सुरू होणारी सौम्य थरथर दोन्ही तळवे हँडलवर टेकताच थांबते. मात्र ती थांबली म्हणून दोष गेला असे समजून चालत नाही.

नाना पेठेतल्या त्या मिस्त्रींनी माझ्या गाडीचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर काढले, चिमट्याचे टोक धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलविले, आणि मला तसेच करावयास सांगितले. बोटभर खेळ होता. संध्याकाळपर्यंत बुश निघाले, तेव्हा त्यांची भोके अंडाकृती झालेली दिसली. मग ते पुढे आले, नुकताच आवळलेला कोनसेट उघडला, खालची वाटी रॉकेलने धुऊन माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “नख फिरवून बघा.” एकामागून एक खळगे नखाला लागत गेले. दोन्ही जिनसा बदलल्या, मागच्या टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे केली, आणि वळकटी मागून काढून टाकीवर बांधावी असे त्यांनी आपण होऊन सुचविले.

पंधरा दिवसांनी खंबाटकी उतरून मी पुन्हा त्या मोकळ्या पट्ट्यावर आलो. नव्वदला असताना शेजारून एक मालमोटार गेली, वाऱ्याचा तोच झोत आला, गाडीने एकदा अंग हलविले आणि ती सरळ झाली. दुसऱ्या हेलकाव्याची मी वाट पाहिली. तो आला नाही. पाचवड येईपर्यंत मी हात सैल ठेवण्याचा सराव करीत होतो.